शब्दशंका : पॅनोरामा, जागा एक आणि नजर चौफेर

या वेळच्या टपालात 'पॅनोरामा' या एकाच शब्दाभोवती फिरणारे बरेच प्रश्न आले. कुणाला व्युत्पत्ती हवी आहे, कुणाला मराठी प्रतिशब्द, तर कुणाचे फोनवर काढलेले लांबलचक फोटो वाकडे येतात. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी उत्तरांचा धागा एकच आहे, म्हणून ते एकत्र घेतले.

प्रश्न : 'पॅनोरामा'चा नेमका अर्थ काय? कोशात 'विस्तृत दृश्य' असे सापडते. मग कुठल्याही मोठ्या देखाव्याला पॅनोरामा म्हणायचे का?

'विस्तृत दृश्य' हा अर्थ आज रूढ आहे, त्यामुळे तो चुकीचा म्हणता येत नाही. पण शब्द घडला तेव्हा त्यात रुंदी हा मुख्य मुद्दा नव्हता. माणूस एका जागी उभा आहे, तो स्वतःभोवती पूर्ण फिरतो, आणि त्या एका फेरीत जे जे दिसते ते सगळे म्हणजे पॅनोरामा. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : उभे राहायची जागा एकच हवी आणि दृश्याला डावी-उजवी कड नको.

शब्दाचे दोन तुकडे ग्रीक आहेत. 'पॅन' म्हणजे सर्व, आणि 'होरामा' म्हणजे जे दिसते ते, दृश्य. 'होरान' म्हणजे पाहणे या क्रियापदापासून 'होरामा' झाले. शेवटचा 'मा' हा नाम घडवणारा प्रत्यय आहे. 'द्रान' म्हणजे करणे, त्यापासून 'द्रामा' म्हणजे केलेले कृत्य, आणि त्याचाच पुढे 'ड्रामा' झाला. तसेच हे. आपल्याला हा प्रत्यय परका वाटायचे कारण नाही. संस्कृतात 'कृ'पासून 'कर्मन्' आणि 'जन्'पासून 'जन्मन्' होते, त्यातला 'मन्' आणि ग्रीकमधला 'मा' एकाच मुळाचे आहेत. संस्कृत 'नामन्' आणि ग्रीक 'ओनोमा' शेजारी ठेवून पाहा, नाते लगेच दिसते.

जोडशब्द होताना मधला 'ह' गळाला आणि 'पॅन-होरामा'चा 'पॅनोरामा' झाला. पुढे लोकांनी तो चुकीच्या जागी तोडला. 'ओरामा' किंवा नुसता 'रामा' हाच प्रत्यय आहे असे समजून सायक्लोरामा, कॉस्मोरामा, जिओरामा, आणि विसाव्या शतकात सिनेरामा असे शब्द निघत गेले. खरा सांधा 'पॅन'नंतर आहे.

'पॅन-इंडिया' आणि 'पँडेमिक' यांतला 'पॅन' हाच. 'पँडेमिक' म्हणजे सर्व लोकांना गाठणारी साथ. पॅन कार्डातला 'पॅन' मात्र 'पर्मनंट अकाउंट नंबर' या तीन शब्दांची आद्याक्षरे आहे, आणि स्वयंपाकाचा पॅन तिसरीकडूनच आला आहे. त्यांचा इथे संबंध नाही.

प्रश्न : शब्द ग्रीक, म्हणजे प्राचीन ग्रीक लोक डोंगरमाथ्यावरून दिसणाऱ्या दृश्याला पॅनोरामा म्हणत होते का?

नाही. प्राचीन ग्रीकमध्ये 'होरामा' आहे, 'पॅनोरामा' नाही. आपण नव्या वस्तूला नाव द्यायचे झाले की संस्कृतकडे वळतो आणि 'दूरध्वनी', 'चित्रपट' असे शब्द घडवतो, तसेच युरोपात ग्रीककडे वळतात. 'पॅनोरामा' हा अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये घडवलेला शब्द आहे, आणि तोही एका विक्रीच्या वस्तूसाठी.

आयर्लंडमधल्या केल्स गावी जन्मलेला आणि एडिंबरोत राहून चित्रे काढणारा रॉबर्ट बार्कर याने जून १७८७ मध्ये एक पेटंट घेतले. त्यात त्याने आपल्या योजनेला 'एका दृष्टिक्षेपात निसर्ग' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले होते. 'पॅनोरामा' हा शब्द त्या पेटंटात नाही. एडिंबरोच्या कॅल्टन टेकडीवरून दिसणारे शहराचे दृश्य त्याने १७८८ मध्ये लोकांना दाखवले. नंतर त्याने लंडनला बस्तान हलवले आणि तिथल्या प्रदर्शनाच्या जाहिरातींत १७९१ च्या सुमारास 'पॅनोरामा' हे नाव आले. आधीचे लांबलचक फ्रेंच नाव मागे पडले. एक शब्द, चार अक्षरे, आणि मालाचा पुरा गुण त्यातच सांगितलेला!

वस्तू मात्र नावाच्या आधीपासून थोडीफार होती. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांच्या १७७९ मधल्या आल्प्सवरच्या ग्रंथात ब्युए शिखरावरून दिसणाऱ्या पर्वतांचे एक गोल चित्र आहे. पाहणारा मध्यबिंदूत, आणि शिखरे त्याच्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारखी बाहेर काढलेली. कागद हातात धरून फिरवायचा आणि समोर येईल ते शिखर ओळखायचे. कल्पना तीच, फक्त तिच्यासाठी शब्द अजून झाला नव्हता.

प्रश्न : पॅनोरामा ही पूर्वी इमारत असे, असे वाचले. चित्राला इमारत कशाला?

कारण चित्राची कड लपवायची होती. बार्करच्या पेटंटाचा गाभा रंगकामाचा नव्हता, कड लपवण्याचा होता, आणि त्याची खरी हुशारी तिथेच आहे.

१७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ या कामासाठीच एक गोल इमारत उघडली. आराखडा वास्तुविशारद रॉबर्ट मिचेल याचा. खालच्या मोठ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ९० फूट आणि तिथे लावलेल्या चित्राचे क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस फूट होते. त्याच्या वर दुसरे, लहान वर्तुळ होते, म्हणजे एका इमारतीत दोन पॅनोरामे. आत जायची वाट अंधाऱ्या बोळातून होती. जिना चढून थेट चित्राच्या मधोमध असलेल्या गोल सज्ज्यावर यायचे.

यातला प्रत्येक भाग कामाचा आहे. अंधारा बोळ अशासाठी की डोळा अंधाराला सरावला की पुढे येणारे चित्र आहे त्यापेक्षा जास्त उजळ वाटते, आणि बाहेरच्या खऱ्या रस्त्याशी तुलना करायला आठवण ताजी राहत नाही. वाट खालून वर अशासाठी की चित्राला दार पाडावे लागू नये. भिंतीत दार असते तर वर्तुळ तिथेच तुटले असते. सज्ज्याला कठडा असे, कारण माणूस चित्राजवळ गेला की रंगाचे फटकारे दिसतात आणि अंतराचा भास संपतो. सज्ज्यावर छत टांगलेले असे. त्यामुळे कापडाची वरची कड आणि छपरातली काचेची खिडकी दोन्ही झाकली जात. उजेड चित्रावर पडे आणि पाहणारा सावलीत राहे. खालची कड लपवण्यासाठी सज्जा आणि कापड यांच्यामधल्या पट्ट्यात पुढे खरी माती, झुडपे, मोडकी चाके असे सामान मांडू लागले. खरी माती कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते ते कळू नये, हे ते मांडणाऱ्याचे कसब.

नेदरलँड्समधल्या हेगमध्ये मेस्डाख या चित्रकाराने १८८१ मध्ये केलेला पॅनोरामा आजही मूळ जागी आहे. उंची सुमारे १४ मीटर, घेर सुमारे १२० मीटर. विषय स्खेव्हेनिंगेनचा समुद्रकिनारा. सज्ज्याभोवती खरी वाळू पसरलेली आहे आणि ती नजरेसमोरच रंगवलेल्या वाळूत मिसळते. मूळ रेखाटनासाठी मेस्डाख एका टेकाडावर काचेचा नळकांडीसारखा उभा गोल ठेवून त्याच्या आत बसला आणि बाहेर दिसणारे दृश्य त्याने काचेवरच उतरवले. असे का करावे लागले? आजूबाजूचे दृश्य गोल कापडावर आणायचे तर सरळ रेषा कुठे आणि किती वाकवायच्या हा प्रश्न येतो. काच स्वतःच गोल असली की ते गणित आपोआप सुटते.

आणखी एक बारकावा. एवढे मोठे कापड वरच्या कड्याला टांगून खालून वजनांनी ताणले की ते सरळ नळीसारखे राहत नाही. मध्ये किंचित आत, पाहणाऱ्याच्या दिशेने येते, डमरूच्या कमरेसारखे. हा दोष नाही. सुरकुत्या न पडता कापड ताणलेले राहायचे तर आकार हाच येतो. अमेरिकेतल्या गेटिसबर्ग इथल्या १८८४ च्या पॅनोरामाचा हा डौल मधल्या काळात चुकीच्या टांगणीमुळे गेला होता आणि कापडाला त्याचा त्रास झाला. मोठ्या दुरुस्तीत तो परत आणला गेला आणि २००८ मध्ये चित्र पुन्हा लोकांसाठी खुले झाले.

लेस्टर स्क्वेअरजवळची ती इमारत आता फ्रेंच कॅथलिकांचे चर्च आहे. आत गेले तर गोल आराखडा ओळखू येतो.

प्रश्न : लांब पट्टीवर काढलेले जुने चित्र, उदाहरणार्थ चिनी गुंडाळीचित्र किंवा फ्रान्समधला बायो इथला भरतकामाचा पट, पॅनोरामा म्हणावा का?

मूळ अर्थाने नाही. बायोचा पट जवळजवळ ७० मीटर लांब आहे, पण त्यात पाहणारा एका जागी नाही. तो कथेबरोबर पुढे सरकतो. चिनी गुंडाळीचित्रही थोडे थोडे उलगडत वाचायचे असते, आणि त्यात नजरेची जागा सतत बदलते. पॅनोरामात जागा बदलत नाही, तोंड बदलते.

व्यवहारात मात्र हा भेद फार लवकर पुसला गेला. १८०० मध्ये लंडनला रॉबर्ट कर पोर्टरने श्रीरंगपट्टणच्या वेढ्याचे सुमारे १२० फूट लांबीचे चित्र दाखवले. ते पूर्ण वर्तुळ नव्हते, तरी त्याला पॅनोरामाच म्हटले गेले. नंतर दोन रुळांवर गुंडाळलेले कापड प्रेक्षकांसमोरून सरकवायचे खेळ आले, 'फिरते पॅनोरामे'. त्यात तर प्रेक्षक खुर्चीत आणि नदीकाठ हळूहळू पुढे जातो, म्हणजे जहाजातून पाहिल्यासारखे. वर्तुळ गेले, जागा गेली, उरली ती लांबी. 'एखाद्या विषयाचे समग्र दर्शन' हा लाक्षणिक अर्थही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच आहे. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातला 'इंडियन पॅनोरामा' हा १९७८ पासूनचा विभाग याच अर्थाचा.

प्रश्न : डायोरामा वेगळा का?

'दिआ' म्हणजे आरपार. पॅरिसमध्ये दागेर आणि बूताँ यांनी १८२२ मध्ये डायोरामा सुरू केला. चित्र सपाट पण अंशतः पारदर्शक कापडावर दोन्ही बाजूंनी रंगवलेले. उजेड पुढून टाकला की दिवस, मागून टाकला की रात्र. चित्र एका जागी, आणि प्रेक्षकांचे बसायचे व्यासपीठ एका चित्राकडून दुसऱ्याकडे फिरवले जाई. आज संग्रहालयात काचेमागे मांडलेल्या छोट्या त्रिमितीय देखाव्याला आपण डायोरामा म्हणतो. त्यात आरपार काहीच उरलेले नाही.

प्रश्न : मराठीत काय म्हणावे? 'विहंगम दृश्य' चालेल का?

रूढ आहे, पण पॅनोरामासाठी ते नेमके नाही. 'विहंगम' हे संस्कृतात पक्ष्याचे नाव आहे, आकाशातून जाणारा तो विहंगम. मराठीत त्याचे विशेषण झाले आणि 'विहंगम' म्हणजे सुंदर, भव्य असा अर्थ लोक घेऊ लागले. पक्षी वरून खाली पाहतो. शेते चौकटीसारखी आणि रस्ते रेघांसारखे दिसतात ते विहंगम दृश्य. पॅनोरामातली नजर आडवी असते, क्षितिजाच्या रेषेवरून फिरणारी. ड्रोनने सरळ खाली रोखून घेतलेले चित्र विहंगम आहे, पॅनोरामा नाही. कड्याच्या टोकावर उभे राहून चहूकडे पाहिले तर तो पॅनोरामा, आणि तिथे 'विहंगम' ताणूनच बसवावे लागते.

'सिंहावलोकन' तर अजिबात नको. सिंह चालता चालता थांबून मागे वळून पाहतो, म्हणून सिंहावलोकन म्हणजे झालेल्या वाटचालीकडे मागे वळून पाहणे. वर्षाच्या अखेरीचा आढावा हे सिंहावलोकन होते. 'विषयाचे सर्वांगीण सिंहावलोकन' असे छापलेले दिसते तेव्हा लेखकाला 'विहंगावलोकन' म्हणायचे असते.

आमचा कौल 'आसमंत' या शब्दाला आहे, कारण त्याचा अर्थ 'पॅन'च्या सगळ्यात जवळ जातो. 'समन्तात्' म्हणजे सर्व बाजूंनी, आणि 'आ समन्तात्' म्हणजे सर्व बाजूंच्या टोकापर्यंत. त्यावरून आसमंत, म्हणजे आपल्याभोवतीचा सगळा परिसर, कुठलीही बाजू न वगळता. इथे एक चूक इतकी पसरली आहे की थांबून सांगणे भाग आहे : आसमंत म्हणजे आकाश नव्हे. आकाशासाठीचा 'आसमान' हा शब्द फारसीतून आला, 'आसमंत' संस्कृतातून. दोन्ही ऐकायला सारखे, म्हणून 'आसमंतात तारे चमकत होते' असे लिहिले जाते. 'घंटेचा नाद आसमंतात भरून राहिला' हे मात्र अगदी बरोबर, कारण नाद चारी बाजूंना पसरतो.

बोलताना 'चौफेर' उत्तम. चौ म्हणजे चार आणि फेर म्हणजे फेरा, वळण. 'माथ्यावरून चौफेर दिसते' या वाक्यात फिरणेही आले आणि सगळ्या बाजूही आल्या. 'परिदृश्य' हा घडीव शब्द आहे, पण त्यातला 'परि' कामाचा आहे. 'पेरिस्कोप'मधला ग्रीक 'पेरि' आणि आपला 'परि' सख्खे भाऊ, दोघांचाही अर्थ 'भोवती'. अडचण एवढीच की 'राजकीय परिदृश्य' असा वापर वाढल्यामुळे तो शब्द ऐकून डोळ्यांपुढे डोंगर उभा राहत नाही.

तेव्हा असे करावे : डोंगरावरून दिसते ते चौफेर दृश्य, त्याचा वर्णनात्मक उल्लेख आसमंत, आणि फोटो किंवा गोल चित्र म्हणजे पॅनोरामा. शेवटच्यासाठी ओढूनताणून प्रतिशब्द करायची गरज नाही. 'कॅमेरा' आपला झाला, तसा हाही झाला आहे.

'व्हिस्टा' हा इटालियनमधून आलेला शब्दही पुष्कळदा पॅनोरामाच्या अर्थाने वापरलेला दिसतो. खरे तर तो उलटा आहे. दोन्हीकडे झाडांच्या रांगा आणि मधून लांबवर जाणारी अरुंद नजर म्हणजे व्हिस्टा.

प्रश्न : चित्रीकरणात 'कॅमेरा पॅन कर' म्हणतात. तो पॅन कुठला?

हाच. 'पॅनोरामा'चे सिनेमावाल्यांनी केलेले छोटे रूप. कॅमेरा जागच्या जागी ठेवून डावीकडून उजवीकडे किंवा उलट फिरवणे म्हणजे पॅन. वर-खाली फिरवले तर तो टिल्ट, आणि अख्खा कॅमेरा रुळावरून सरकवला तर ट्रॅक किंवा ट्रॉली. 'वरती पॅन कर' असे सेटवर ऐकू येते, ते सैल बोलणे झाले. गंमत अशी की मुळात 'सर्व' एवढाच अर्थ असलेला ग्रीक तुकडा आता 'फिरव' या अर्थाने वापरला जातो.

प्रश्न : फोनच्या पॅनोरामात समोरची सरळ भिंत मध्ये फुगते आणि जवळचा कठडा जागोजागी तुटतो. दोष फोनचा की हाताचा?

भिंतीचा दोष कुणाचाच नाही. तुम्ही भिंतीपासून ५ मीटरवर उभे आहात आणि भिंत २० मीटर लांब आहे असे धरा. मधला भाग तुमच्यापासून ५ मीटरवर, पण दोन्ही टोके ११ मीटरहून थोडी जास्त लांब. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून टोकाशी भिंतीची उंची मधल्या उंचीच्या निम्म्याहूनही कमी येते. डोळ्यालाही ती तशीच दिसते, पण आपण एका वेळी एकच भाग पाहतो, त्यामुळे जाणवत नाही. फोन ते सगळे भाग गोल कापडासारखे जोडतो आणि मग कापड उलगडून सपाट करतो. मेस्डाखने काचेचा गोल वापरून जो प्रश्न सोडवला तोच इथे उलटा होऊन समोर येतो. उपाय : मागे जा. २० मीटरवरून तीच भिंत घेतली तर टोके मध्याच्या सुमारे ९० टक्के उंचीची येतात.

संगणकावर फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेषा सरळ ठेवणारा पर्यायही असतो. तो साधारण १०० ते १२० अंशांपर्यंतच वापरावा. १२० अंशांच्या चित्रात अगदी कडेची वस्तू मधल्या वस्तूच्या मानाने आडवी चौपट आणि उभी दुप्पट ताणली जाते. तिथे माणूस उभा असेल तर ओळखू येणार नाही.

कठडा तुटतो तो मात्र हाताचा दोष. हात लांब करून, कमरेतून वळत फोन फिरवला की लेन्स मोठ्या वर्तुळावर प्रवास करते. फोन शरीरापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर ३० अंश वळताना लेन्स ३१ सेंटिमीटर सरकते. एक किलोमीटरवरच्या टेकडीला त्याने काही फरक पडत नाही. तिची दिशा अंशाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी बदलते. पण मीटरभरावरचा कठडा प्रत्येक तुकड्यात वेगळ्याच जागी दिसतो आणि जोड जमत नाही. एका जागेवरून पाहण्याची जी अट शब्दातच आहे ती इथे मोडली जाते.

म्हणून कोपरे अंगाला चिकटवा, फोन उभा धरा आणि लेन्स हवेत एका बिंदूवर खिळली आहे असे समजून तुम्ही तिच्याभोवती लहान पावले टाकत फिरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग एकच ठेवा. फोन वर किंवा खाली कलता ठेवला तर समुद्राची सरळ रेघ कमानीसारखी वाकते, त्यामुळे तो ताठ हवा. सूर्य दृश्यात असेल तर ना फार उजळ ना फार काळोख्या अशा भागावर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस आधी बांधून घ्या, नाहीतर आभाळात पट्टे पडतात. हलती माणसे आणि वाहने अर्धी कापली जातात. ती थांबेपर्यंत वाट पाहणे एवढाच उपाय.

प्रश्न : कॅमेरा आणि ट्रायपॉडवर पूर्ण ३६० अंश घ्यायचे आहेत. किती फोटो लागतील?

फुल-फ्रेम (म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून, शेजारच्या दोन फोटोंत ३० टक्के भाग सामायिक ठेवला तर २४ मिलिमीटर लेन्सला १० फोटो, ३५ ला १४ आणि ५० ला २० फोटो पुरतात. सामायिक भाग २० टक्क्यांखाली गेला की सॉफ्टवेअरला जुळणाऱ्या खुणा कमी पडतात, विशेषतः नुसते आभाळ किंवा पाणी असेल तर.

एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही हाताने ठरवून तसेच ठेवा. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर, लेन्सवरून काढा. त्याने आभाळ सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त गडद होते, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या मधोमध काळपट डाग पडल्यासारखा दिसतो आणि तो नंतर घालवता येत नाही.

जवळ खांब-झाडे असतील तर कॅमेरा योग्य बिंदूभोवती फिरायला हवा. तो बिंदू ट्रायपॉडच्या स्क्रूवर नसतो, लेन्समधून समोरून पाहिल्यावर जिथे छिद्र दिसते तिथे असतो. शोधायची रीत सोपी आहे. मीटरभरावर एक उभी काठी लावा आणि तिच्या मागे दूर एखादा खांब एका रेषेत येईल असा कॅमेरा ठेवा. आता कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. काठी खांबापासून सुटून सरकली तर कॅमेरा ट्रायपॉडवरच्या पुढे-मागे सरकवायच्या पट्टीवर थोडा मागे घ्या आणि पुन्हा पाहा. सरकणे वाढले तर पुढे आणा. फिरवूनही दोघे एका रेषेत राहिले की पट्टीवर खूण करा. लेन्स बदलली किंवा झूम बदलला की खूण नव्याने करावी लागते.

फिल्मच्या काळात हे काम करणारे खास कॅमेरे होते. १९०४ च्या सर्कट कॅमेऱ्यात दातेरी चाकावर अख्खा कॅमेरा फिरे आणि आत फिल्म त्याच बेताने सरके. लांबच लांब ग्रुप फोटोत एकच मुलगा दोन्ही टोकांना दिसतो तो याच जातीच्या कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा फिरेपर्यंत तो रांगेच्या मागून पळत दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

प्रश्न : उंचावरून चौफेर किती लांबचे दिसू शकते?

डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. क्षितिज तेवढे किलोमीटर लांब. सपाट किनाऱ्यावर डोळा १.६ मीटरवर असेल तर ४.५ किलोमीटर. १०० मीटरवरून सुमारे ३६, ४०० वरून ७१ आणि १,००० वरून ११३. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होते. हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो म्हणून प्रत्यक्षात सरासरी ८ टक्के जास्त दिसते.

समोरची वस्तूही उंच असेल तर तिचे क्षितिजाचे अंतर वेगळे काढून त्यात मिळवायचे. २०१६ मध्ये पिरेनीजमधल्या २,८२६ मीटर उंच शिखरावरून आल्प्समधल्या ३,८६७ मीटर उंच गास्पार शिखराचा फोटो घेतला गेला, अंतर ४४३ किलोमीटर. सूत्राने हिशेब केला तर ४१२ येतात. उरलेले हवेने वाकवलेल्या प्रकाशाचे. फोटो पहाटेचा होता, आणि मागून उगवत्या सूर्यामुळे शिखरांची काळी कड उठून आली होती. एरवी धूळ आणि बाष्प यांमुळे गणितातले अंतर डोळ्याला क्वचितच मिळते. पाऊस पडून गेल्यानंतर हवा कोरडी झाली की ती वेळ साधावी.

प्रश्न : पॅनोरमा की पॅनोरामा? आणि 'पॅनोराम्याचा' म्हणावे का?

दोन्ही लेखने चालतात. इंग्रजी उच्चारात जोर 'रा'वर आहे, म्हणून आम्ही 'पॅनोरामा' लिहितो. शब्द पुल्लिंगी. 'कॅमेरा'चे 'कॅमेऱ्याचा' झाले तसे 'पॅनोराम्याचा' व्याकरणाला धरूनच होईल, पण अजून कानाला सवय नाही आणि 'पॅनोरामाचा' हेच सर्रास चालते. अनेकवचनात 'पॅनोरामे' बिनधास्त वापरा.